संग्रहित छायाचित्र

गेल्या मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी, माकणीच्या धरणाच्या कोरड्या पोटातून दोन ट्रॅक्टरांनी शिल्पकार बसवराज याचं काम भरून नेलं. काम गाळाचं होतं. ही कलाकृती आहे हे उचलणाऱ्यांना माहीत नव्हतं. ते माहीत असलेला तिथं एकच माणूस होता. तो मी. माझ्या हातात कॅमेरा होता.

मी धाराशिवला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात छायाचित्रकार आहे. अठरा वर्षं झाली. कामं ठरलेली असतात. मोर्चा, अपघात, मंत्र्यांचा दौरा, दहावीचा निकाल आणि एप्रिल लागला की भेगाळलेली जमीन. बातम्या तपासून पानं लावणाऱ्या मंडळींना आम्ही डेस्क म्हणतो. एप्रिलमध्ये डेस्कवरून फोन येतो, ‘‘तडे पाठवा.’’ मी तडे पाठवतो.

काढलेला प्रत्येक फोटो ऑफिसच्या सर्व्हरवर साठतो. पुढं कधी त्याच विषयाची बातमी आली आणि ताजा फोटो नसला, तर डेस्क साठ्यातला जुना काढतं आणि खाली ‘संग्रहित छायाचित्र’ असं छापतं. ताज्या फोटोला छायाचित्रकाराचं नाव जातं, कडेला उभ्या, बारीक अक्षरात. संग्रहित फोटोला नाव जात नाही. का जात नाही, हे मी रुजू झालो तेव्हा विचारलं होतं. ‘‘पद्धत आहे,’’ असं उत्तर मिळालं.

डेस्कनं न सांगता मी दरवर्षी एक काम करत आलो. मे महिन्यात एकदा माकणीला जायचं, पंपहाऊसजवळच्या उंचवट्यावर उभं राहायचं आणि तीच लेन्स लावून एकच फ्रेम घ्यायची. फ्रेममध्ये पाण्याचा काठ. धरणातलं पाणी एकसारखं उतरत नाही. काही दिवस थांबतं, मग खाली सरकतं. जिथं थांबतं तिथं उतारावर एक रेघ राहते. एका वर्षी अशा रेघा पुष्कळ होत्या आणि पाणी नव्हतंच. एका वर्षी रेघ नव्हती, पाणी उंचवट्याच्या पायथ्याशी होतं.

जानेवारीत आमच्या संपादक नाईक मॅडमनी ही सगळी वर्षं एकत्र पाहिली.

‘‘वर्धापनदिनाच्या पुरवणीचं पहिलं पान तुमचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सगळ्या फ्रेम एकत्र लावू. नाव वर, मोठ्या अक्षरात.’’

पुरवणी जूनमध्ये निघते. मी घरी सांगितलं. बायकोनं कळंबला माहेरी सांगितलं. तिथून मेव्हण्याचा फोन आला की अंकाच्या चार प्रती ठेवा.

बसवराज लोहाऱ्याचा. वडिलांचं आडतीचं दुकान होतं. आम्ही दोघं एका शाळेत होतो आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला एका बाकावर बसलो होतो. मला ए ग्रेड मिळाली, त्याला बी. पुढं तो शिल्पकला शिकायला बडोद्याला गेला, तिथून परदेशात. तो नदीकाठची माती, वाळकं गवत, गोटे यांचीच कामं करतो. कामं उघड्यावर असतात आणि काही दिवसांनी मोडतात. त्याच्या परदेशातल्या प्रदर्शनाची बातमी आमच्या अंकात आली, तेव्हा त्याच्या आईवडिलांचा फोटो काढायला मलाच पाठवलं होतं. त्याच्या आईनं, आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो, मला शेंगापोळी खायला घातली आणि विचारलं, ‘‘तू अजून तिथंच का रे?’’

फेब्रुवारीत तो एक शिष्यवृत्ती घेऊन लोहाऱ्यात आला. पाटबंधारे विभागाकडून पावसाळ्यापर्यंतची परवानगी काढली आणि रोज वडापच्या जीपनं माकणीला जायला लागला.

एप्रिलमध्ये डेस्कचा तड्यांसाठी फोन आला, तेव्हा मी गेलो. तो बनियनवर उकिडवा बसून गाळ चाळत होता.

‘‘ये लेका प्रेस. तडे न्यायला आलास?’’

‘‘तू पण तेच करतोयस की.’’

‘‘व्हय. पण मला डेडलाइन न्हाय.’’

त्याचं काम असं होतं. पाणी जिथं थांबेल त्या काठानं एक वरंबा घालायचा. पाणी खाली सरकलं की नव्या काठाला नवा वरंबा. गाळ उन्हात वाळवायचा, फोडायचा, चाळणीनं चाळायचा, खडे आणि शिंपले काढायचे, मग थोड्या पाण्यानं गुडघाभर उंचीला बसवायचा. गाळात त्यानं कारळ्याचं बी मिसळलं होतं. कारळं म्हणजे ज्याची चटणी करतात ते. पाऊस झाला की ओळी हिरव्या होतील आणि धरण भरलं की बुडतील. बस, एवढंच.

मी उंचवट्यावर गेलो. माझ्या जागेवर उभा राहिलो आणि लेन्समधून पाहिलं. खालपर्यंत एकामागं एक वळत गेलेल्या काळ्या ओळी होत्या. सगळ्यांत खाली पाणी. अठरा वर्षं मी ज्याची दरवर्षी एक फ्रेम घेत होतो, ते त्यानं जमिनीवरच काढून ठेवलं होतं आणि माझ्या फ्रेमपेक्षा ते लवकर कळत होतं. तिथं इतकी वर्षं उभं राहून मला हे सुचलं नव्हतं. मी फोटो काढला. फोटो चांगला आला. त्याचाही राग आला.

खाली आलो तेव्हा त्यानं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कात्रण काढलं.

‘‘हे बघ. तुमच्याच पेपरातलं हाय. अव्वानं बडोद्याला शेंगापोळ्या बांधून पाठवल्या होत्या, त्या कागदात. हा फोटो बघितला आणि तिथंच ठरवलं की कधीतरी इथं काम करायचं.’’

पाणी कपातीची बातमी होती. फोटोत उतारावरच्या रेघा होत्या. खाली छापलं होतं, ‘संग्रहित छायाचित्र’.

‘‘कुणाचा हाय शोध की तुमच्या ऑफिसात,’’ तो म्हणाला. ‘‘लई बारीक नजर हाय त्या माणसाची. नाव न्हाय टाकलं.’’

‘‘जुना आहे. बघतो.’’

घरी येऊन हार्ड डिस्क लावली. फ्रेम सापडली. फोटो माझा होता.

मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. पुरवणीच्या पानावर हीच फ्रेम इतर सतरांबरोबर येणार होती, वर माझं नाव मोठ्या अक्षरात. लोहाऱ्यात अंक सकाळी सातला पोचतो. त्यानं ते स्वतः वाचावं, असं मला वाटत होतं. तोवर थांबायला माझी काही हरकत नव्हती.

मेच्या पहिल्या आठवड्यात नाईक मॅडमनी मला बोलावलं. एप्रिलचा फोटो त्यांच्या स्क्रीनवर होता.

‘‘हे काय आहे?’’

‘‘कलाकृती आहे. माकणीत. लोहाऱ्याचा शिल्पकार आहे.’’

‘‘हे तुम्ही तड्यांच्या फोल्डरमध्ये टाकलंत?’’

त्यांनी फोटो स्क्रीनभर मोठा केला.

‘‘पुरवणीचं पहिलं पान हेच. त्याची मुलाखत पुण्याची टीम करेल. तुम्ही वरून एक मोठा फोटो द्या, सकाळच्या उन्हातला.’’

‘‘आणि माझी सीरिज?’’

‘‘पुढच्या वर्षी. अठराचे एकोणीस होतील. बिघडतंय कुठं?’’

‘‘पान ठरलं होतं, मॅडम.’’

‘‘त्याचं काम पावसात बुडणार आहे. तुमच्या फाइल कुठं चालल्यात? आणि फोटो तर तुमचाच जाणार ना?’’

फोटो माझाच जाणार होता, कडेला उभ्या, बारीक अक्षरात. मथळ्यात बसवराज. घरी गेल्यावर मी मेव्हण्याला चार प्रती नकोत असं कळवलं नाही. विषय निघाला नाही.

त्या महिन्यात बसवराजच्या ओळी बघायला माणसं यायला लागली. लातूरहून चित्रकलेचे विद्यार्थी आले. उमरग्याहून एक डॉक्टर दांपत्य आलं, बाई बराच वेळ एका वरंब्याशेजारी चालत राहिल्या आणि काही न बोलता गाडीत बसल्या. लोहाऱ्याचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, ‘‘ह्यात काय आहे?’’ आणि दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन परत आले. मला हे सगळं माहीत आहे, कारण प्रत्येकाचा फोटो मी काढला. माझ्या अठरा फ्रेम तोवर चौघांनी पाहिल्या होत्या. मॅडम, बायको, डेस्कवरचा एक जण आणि मी.

पान बुधवारी दुपारी छपाईला सुटणार होतं. आदल्या दिवशी, मंगळवारी, मी पहाटे दुचाकीनं निघालो. बसवराज माकणीत नव्हता. कळंबच्या एका शाळेच्या उन्हाळी शिबिरात मुलांशी बोलायला तो सोमवारीच गेला होता. मी उंचवट्यावर पोचलो तेव्हा ऊन नुकतं ओळींवर आलं होतं आणि पहिल्या ओळीला एक ट्रॅक्टर लागला होता. दुसरा मागं उभा होता.

इथं गाळाची पद्धत सांगायला हवी. उन्हाळ्यात धरणातला गाळ शेतकरी आपल्या रानात नेतात. हलक्या जमिनीला तो खतासारखा लागतो. खोदायचं कुणी स्वतः नसतं. जेसीबी गाळ काढून ओळीनं ढीग लावतो आणि ज्याचा नंबर असेल त्यानं ढीग उचलायचा. ढीग लावलेला गाळ म्हणजे उचलायचा गाळ, हा तिथला नियम आहे. जेसीबी महिनाभर पलीकडच्या बाजूला चालत होता. त्या आठवड्यात तो बंद पडला होता आणि नंबर अडकले होते.

मी आधी फ्रेम घेतल्या. आमच्या धंद्यात आधी फ्रेम, मग धावाधाव. खोऱ्यानं गाळ ट्रॉलीत पडत होता, वर बसलेला म्हातारा तो हातानं सारखा करत होता, मागं उरलेल्या ओळी वळत पाण्यापर्यंत गेल्या होत्या. कॅमेरा डोळ्याला असतानाच हिशेब झाला. काम गेलं तर मोठा फोटो नाही. मोठा फोटो नाही तर पान रिकामं. पान रिकामं तर माझी अठरा वर्षं पानाच्या मापात तयार होती. मला काहीच करायचं नव्हतं. उशिरा पोचलो, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

पहिली ओळ अर्धी संपली तेव्हा मी खाली उतरलो.

ट्रॉलीवरचा म्हातारा म्हणजे मल्हारीतात्या. मेंढरं विकून आता शेतीच करतात. एका गारपिटीच्या वेळी त्यांच्या मेलेल्या मेंढरांचे फोटो मी काढले होते.

‘‘रामराम तात्या. हे कुणाला विचारून उचललं?’’

‘‘गाळाला कुणाला इचारायचं? ढीग लावल्याला हाय. नंबर आमचा हाय.’’

‘‘हे जेसीबीनं लावलेले ढीग नाहीत.’’

‘‘तेच म्या ह्या पोरांला सांगतोय. जेसीबीवाल्याला एवढी अक्कल कुठली? बगा की, खडा न्हाय, शिंपला न्हाय. चाळल्याला हाय. असा गाळ म्या जल्मात बगितला न्हाय.’’

‘‘तात्या, हे शिल्प आहे.’’

‘‘काय हाय?’’

‘‘लोहाऱ्याच्या आडत्याचा मुलगा, बसवराज. त्यानं केलंय. फेब्रुवारीपासून. लोक बघायला येतात.’’

‘‘ती मान्सं हे बगायला येत हुती व्हय? आमाला वाटलं पंपाचं काय तरी सर्वे हाय.’’ तात्यांनी हात वर करून खोरी थांबवली. ट्रॉलीतल्या गाळाकडं बघितलं, मग ओळीकडं. ‘‘मंग बोर्ड लावायचा हुता बाबा. आता काय करू? परत वतू का?’’

‘‘परत ओतला तर तसा होईल का?’’ ट्रॅक्टरवरून ड्रायव्हरनं विचारलं.

मी फोन लावला.

बसवराज शाळेच्या व्हरांड्यात होता. मागं मुलांचा आवाज येत होता. मी सांगितलं. पहिली ओळ अर्धी गेली, थांबवलं आहे, दोन ट्रॅक्टर आहेत.

‘‘कुठल्या रानात नेतायत?’’

‘‘माकणीच्याच माळावर. मल्हारीतात्या आहेत.’’

‘‘माळ कसला हाय? मुरमाड?’’

‘‘असेल. तू येतोयस का?’’

‘‘न्हाय. नेऊ दे त्यांना.’’

‘‘किती?’’

‘‘त्यांना लागंल तेवढं. तू थांबवू नको. फोटो काढ. आणि तात्यांना फोन दे, त्यात बी हाय ते सांगायला पायजे.’’

मी फोन दिला. तात्या कानाला दोन्ही हातांनी धरून ऐकत होते. ‘‘व्हय... व्हय... कारळं? मंग काय, चटनी हुईल... न्हाय न्हाय, राग कसला, राग तुमाला यायचा...’’ फोन परत देताना ते मला म्हणाले, ‘‘लई गुनाचं पोरगं हाय. तुमचा कोन?’’

‘‘वर्गातला.’’

दुपारपर्यंत खेपा चालल्या. मी शेवटच्या खेपेबरोबर माळावर गेलो. पांढरट मुरमाच्या रानात काळ्या गाळाचे ढीग ओतले होते आणि तात्यांच्या सूनबाई दाताळ्यानं ते पसरत होत्या. त्यांचेही फोटो काढले. धरणात दीड ओळ उरली होती.

संध्याकाळी बसवराज एसटीनं लोहाऱ्यात उतरला. आम्ही माझ्या गाडीवर माकणीला गेलो. तो उरलेल्या ओळीशेजारी उभा राहून रिकाम्या उताराकडं बघत होता. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या त्याच्या ओळींना आडव्या गेल्या होत्या.

‘‘वाईट वाटलं नाही का तुला?’’ मी विचारलं.

‘‘वाटलं की. हात बघ माझे, चाळून चाळून काय झालेत.’’ त्यानं तळवे दाखवले. ‘‘पण जूनमध्ये पाण्यानं नेलंच असतं. तेव्हा तू मला फोन करणार हुतास का?’’

‘‘मग चिडला का नाहीस?’’

‘‘एखादा गाळाचा दर्दी बघून न्यायला आला, ह्यावर काय चिडायचं? तू का चिडलायस?’’

मी चिडलेलो नाही, असं सांगितलं. तो हसला आणि चाळण झटकून पोत्यात घातली. माझ्याकडं प्रत्येक फ्रेमच्या दोन प्रती असतात, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर. एक खराब झाली तर दुसरी असावी म्हणून. त्याच्याकडं त्या संध्याकाळी एक चाळण होती आणि तो शीळ घालत होता. ओळींचा मला हेवा वाटला होताच. ह्या शिळेचा जास्त वाटला.

रात्री फोटो पाठवून दिले. बुधवारी सकाळी मॅडमचा फोन आला.

‘‘म्हातारा ट्रॉलीवर बसलाय आणि मागं ओळी आहेत, तो फोटो. पूर्ण पान.’’

‘‘काम तर गेलं, मॅडम.’’

‘‘म्हणूनच. तुम्ही अठरा वर्षांत काढलेला सगळ्यांत चांगला फोटो आहे हा.’’ मग म्हणाल्या, ‘‘खाली कोपऱ्यात एक लहान फोटो हवाय. काम व्हायच्या आधी उतार कसा दिसायचा तो. डेस्कला सर्व्हरवर एक सापडलाय, रेघांचा. तो लावतोय.’’

‘‘तो माझा आहे.’’

‘‘असेलच. पण संग्रहित आहे.’’

पुरवणी निघाली. मथळा बसवराजचा होता. मोठ्या फोटोच्या कडेला उभ्या, बारीक अक्षरात माझं नाव होतं. कोपऱ्यातल्या लहान फोटोखाली ‘संग्रहित छायाचित्र’ होतं. तो कात्रणातलाच फोटो होता.

सकाळी साडेसातला बसवराजचा फोन आला. ‘‘अरे, तोच फोटो लावलाय की तुमी! कळलं का कुणाचा हाय?’’

त्या वेळी सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर तो त्याच दिवशी लोहाऱ्यापासून बडोद्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटला असता, मनापासून. पण ते त्याच्या तोंडून आलं असतं. मला ते पानावर हवं होतं.

‘‘शोधतोय,’’ मी म्हणालो.

कळंबच्या मेव्हण्यानं चार प्रती घेतल्या. त्याला म्हातारा फार आवडला.

पाऊस झाल्यावर तात्यांच्या माळावर सोयाबीनमध्ये जागोजागी कारळं उगवलं. खुरपणीला बायका ते उपटायला लागल्या तेव्हा तात्यांनी उपटू दिलं नाही. ‘‘ते पोराचं हाय,’’ म्हणाले. सप्टेंबरअखेर ते पिवळं फुललं. मी फोटो काढला. आतल्या पानावर दोन कॉलम छापून आला.

डिसेंबरमध्ये पुण्यात बसवराजचं प्रदर्शन झालं. त्याची चाळण, थोडा गाळ, कारळ्याची एक पेंढी आणि भिंतभर मोठा केलेला ट्रॉलीचा फोटो. फोटोखालच्या पाटीवर दोन नावं होती. काम त्याचं, छायाचित्र माझं, अक्षरं सारख्याच आकाराची. उद्घाटनाला तात्यांना आणलं होतं. त्यांना स्वतःच्या फोटोसमोर उभं करून लोक फोटो काढत होते. ते प्रत्येकाला सांगत होते, ‘‘गाळ लई भारी हुता.’’

दाराशेजारी, सगळ्यांत आधी दिसेल असं, ते कात्रण फ्रेम करून लावलं होतं. शेंगापोळीचा तेलकट डाग तसाच ठेवला होता. बसवराज मला हाताला धरून तिथं घेऊन गेला.

‘‘सगळं ह्याच्यापासनं सुरू झालं,’’ तो शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंना म्हणाला. ‘‘ह्याच्याच ऑफिसातला कुणीतरी हाय. अजून सापडला न्हाय. व्हय रे?’’

‘‘नाही सापडला,’’ मी म्हणालो.

प्रदर्शन रविवारी संपलं. सामान टेम्पोत भरून लोहाऱ्याला आलं, ते उतरवताना मी होतो. कात्रणाची फ्रेम अव्वांच्या घरी बैठकीत लावली आहे. खालची पाटी तशीच आहे. ‘छायाचित्रकार : अज्ञात.’